सासूबाई आगरदांड्याला राहिल्या

दिघी,
गुरुवार

तीर्थस्वरूप हिरामणदादा यांस,

धाकट्या जागृतीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का, की गुडघा वहिनींचा आणि खोकला तुझा? जे ज्याचं असेल ते लवकर बरं होवो. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतोस, आणि माझा मुद्दा साधारण विसाव्या वाक्याला येतो.

तर मुद्दा असा, की होळीनंतरच्या सोमवारी मी सासूबाईंना आगरदांड्याच्या जेटीवर विसरून आले. (रेवदंड्यापर्यंत बातमी पोचेस्तोवर मी त्यांना खाडीत ढकललं असं झालं असेल. ते खोटं आहे.) मुरूडच्या एका खानावळीला दहा किलो कोळंबीचे सोडे द्यायचे होते, म्हणून सोडे, सासूबाई आणि मी स्कूटरसकट फेरीबोटीने पलीकडे गेलो. परतताना बोटीला वेळ होता, सासूबाई टपरीवर चहाला बसल्या. तेवढ्यात मला आठवलं, घरी जवळा वाळत घातलाय आणि वर जाळी टाकलेली नाही! (टाकली होती. ते नंतर कळलं.) बोट लागली, मी स्कूटर चढवली. वाटेत पुण्याच्या एका बाईंना जवळा कसा निवडायचा ते अगदी मन लावून शिकवलं. घरी पोचले तर तुझ्या मेहुण्यांनी, प्रज्योतनी विचारलं, "आई कुठाय?" मी विचारलं, "कुणाची?"

तशीच परत पलीकडे गेले. सासूबाई टपरीवाल्याच्या खुर्चीत बसून तिसरा चहा पीत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याची मला सवय आहे. पण त्या म्हणाल्या, "आलीस व्हय? बस जरा, दमली असशील." आणि दादा, अडतीस वर्षांच्या घोडीने भर जेटीवर भोकाड पसरलं. वेंधळी, धांदरट, कामचुकार, लहानपणापासून जे जे ऐकलं ते सगळं बाहेर आलं. म्हटलं, आई, मी मुद्दाम करत नाही हो. त्या म्हणाल्या, "मुद्दाम करनारं मानूस असं रडत न्हाय. डोक्याचा डाक्टर असतो, त्याला दाखवू."

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा बोलावून तास तास विचारलं, शाळेतलं, घरातलं, मासळीतलं. मग म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात. (नाव लक्षात ठेवायला मला चार दिवस लागले, म्हणजे निदान बरोबर असावं.) लक्ष नसतं असं नाही, ते सांगितलेल्या जागी बसत नाही. म्हणून दोन पोती सोडे मी तहानभूक विसरून निवडते आणि गॅसवरच्या डाळीचा कोळसा होतो. हा आळस नव्हे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी परत रडले.

आता गोळी घेते. डोक्यात मासळीचा लिलाव असतो तो थांबत नाही, पण आता एका वेळी एकच जण ओरडतो. कंटाळवाणं काम असलं की सासूबाई नुसत्या शेजारी येऊन बसतात. बोलत नाहीत, पण काम पुरं होतं. शिवाय त्यांच्याच आवाजात मी फोनमध्ये आठवणीचे गजर भरून ठेवलेत. परवा गोदूकाकूंचे यजमान सदाभाऊ गेले म्हणून काकूंना भेटायला गेलो. सगळे डोळे पुसत असताना माझ्या पिशवीतून सासूबाई गरजल्या, "ऊठ! गॅस बघ!" गोदूकाकू खरंच उठून बघून आल्या. चालूच होता.

विसरते अजूनही. पण आधी विसरल्यावर स्वतःला शिव्या घालण्यात अख्खा दिवस जायचा, तो वाचतो.

वहिनींना नमस्कार, तुझ्या पूर्वीला पापा.

तुझी धाकटी,
जागृती

ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. तुझी लेक पूर्वी वह्या हरवते, वर्गात खिडकीबाहेर बघत बसते, म्हणून तू तिला पालीला होस्टेलात घालणार असं वहिनी म्हणाल्या. दादा, थांब. हे घराण्यातून येऊ शकतं म्हणे. तिला तेच आहे असं मी म्हणत नाही, पण आधी दाखवू. दप्तर हरवलं म्हणून बाबांनी मला जेवू न घालता अंगणात उभं केलं होतं, तेव्हा खिडकीतून भाकरी तू दिली होतीस. होस्टेलात तिला कोण देईल?

ता. ता. क. डॉक्टरीणबाईंकडे बारा तारखेचे दोन नंबर लावलेत. एक तुझ्या पूर्वीचा. गेल्या महिन्यात तू माल न भरताच ट्रक घेऊन थेट पनवेलला पोचलास, हेही वहिनींनी सांगितलंय. दुसरा नंबर तुझा.