सहा नंबर हजर

तारीख १४, मंगळवार, दुपार

ताई,

तू मला विचारलं नाहीस. हे मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं आणि परत लिहितोय. भरतीच्या कागदावर अंगठा बारक्याचा, उचलीचे पैसे तुझ्या हातात, आणि मला कळवतेस कधी, तर सगळं उरकल्यावर, पत्राच्या तळाला, 'आणखी एक आनंदाची बातमी' म्हणून. अगं, लग्न ठरवतानासुद्धा घरच्या माणसाला विचारतात. वर लिहितेस, 'तू तिकडे शिपाई होऊन मिरवतोस आणि धाकट्या भावाचं भलं होताना तुझ्या पोटात दुखतं.' दुखतं. पण ते तुला वाटतं त्या कारणाने नाही.

नमस्कार राहिलाच. तुला आणि दाजींना नमस्कार, आईच्या पायावर डोकं. तिचे डोळे झाले, सुई ओवता येते, हे मी दोनदा वाचलं. ऑपरेशन त्या उचलीतूनच झालं हेही कळलं. तेव्हा पैसे घेतलेस यावर माझं भांडण नाही. मला एवढी रक्कम एकदम पाठवता आली नसती, हे मी जाणतो. भांडण आहे ते बारक्याच्या अंगठ्यावर.

त्याची वही मिळाली. 'धूर पोलीस, भाग एक ते भाग नऊ, चित्रांसहित.' माझ्या पत्रांतलं एक वाक्य पठ्ठ्याने सोडलेलं नाही. चित्रं झकास आहेत. जमादाराच्या मिशा धुरासाठी तोंडावर बांधायच्या तोबऱ्याच्या बाहेर काढल्यात, त्या बघून मी एकटाच हसत होतो. तू लिहिलंस की गल्लीतली पोरं नंबर लावून वाचतात आणि शिंपीकाका येता-जाता विचारतात, भाग दहा कधी. शेवटच्या पानावर बारक्याने स्वतःला काढलंय. दोरीच्या टोकाला, छाती पुढे, तोंडात शिट्टी. खाली लिहिलंय, 'नवीन भरती.' तोबरा घालून शिट्टी कशी वाजवणार ते विचार त्याला.

तर हा भाग दहा समज. मात्र हा गल्लीला वाचायचा नाही. तू, दाजी आणि बारक्या, दार लावून. आईला नको.

मी लिहिलं ते खोटं नव्हतं. अर्धं होतं.

भाग चार सगळ्यांना आवडला. चकतीचोराच्या मागे आम्ही सहा जण एका दोरीला बांधून पळतोय, पुढे पावलं वाजताहेत, जमादार ओरडतोय, 'थांब, नाहीतर नोंद करीन', आणि पाऊण तासाने चोर हाती लागतो तो आमचाच सहा नंबर. पाण्याच्या टाकीभोवती आम्ही गोल फिरत होतो आणि पुढची पावलं म्हणजे आमचंच शेपूट. जमादाराने वहीत लिहिलं, 'संशयितास पकडून समज देऊन सोडले.' हे सगळं खरं. राहिलं ते एवढंच, की तेवढ्या वेळात शेपटाच्या तोबऱ्यातली धूर गाळायची चकती काळी ठिक्कर पडली होती. चौकीत तोबरा काढून तो बेसिनवर वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. बेसिनमध्ये काय पडलं ते मी बघितलं. मग त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, 'चोर पळून पळून दमला बिचारा.' आम्ही हसलो. तुम्हाला मी हसण्यापुरतंच कळवलं.

तो गवई. तोबऱ्यात गुणगुणत चालायचा म्हणून त्याला आम्ही गवई म्हणायचो. दोन पत्रांत तू विचारलंस, गवई कसा आहे, आणि दोन्ही वेळा मी लिहिलं, मजेत.

भाग सातमधला बोलका खांबही खरा आहे. इथे चौकाचौकात खांब आहेत, दर पंधरा मिनिटांनी हवा कशी आहे ते सांगतात. आमच्या हद्दीतला 'हवा समाधानकारक आहे' यावरच अडकलाय. दुरुस्तीवाला आला तेव्हा जमादार त्याला म्हणाला, 'समाधानकारक म्हणतोय ना? मग बिघडलाय कशावरून?' तो आल्या पावली परत गेला. पण त्या खांबाखाली कुणी खोकलं तर हवेची बदनामी म्हणून दंड होतो, आणि तो वसूल आम्ही करतो, हे मी लिहिलं नव्हतं. एका म्हातारबाबांकडून मी माझ्या हाताने घेतलाय, दोन खोकल्यांचा. तिसरा त्यांनी माझ्यादेखत गिळला.

आता दोरीचं नीट सांगतो, कारण बारक्याने ती चित्रात नुसती दोरी काढलीय.

पुढे जमादार, तो एक नंबर. मग दोन, तीन, चार, पाच आणि सहा. सहाव्याला शेपूट म्हणतात. धुरात आपलाच हात आपल्याला दिसत नाही, म्हणून दर वीस पावलांनी आकडे म्हणायचे, एकापासून सहापर्यंत. जमादाराच्या छातीवर एक डबी असते. ती आकडे ऐकते आणि मोठ्या ऑफिसात हजेरी लावते. एक आकडा चुकला की सगळ्या दोरीचा त्या दिवसाचा पगार कापला. नवा माणूस आला की शेपटाला लागतो, कारण कोठीतून चकत्या पाच कोऱ्या मिळतात आणि सहावी धुतलेली. कोठीवाल्याला विचारलं तर म्हणतो, 'पाचच येतात. सहावी काय घरून आणू?' मीही पहिले आठ महिने शेपटाला होतो. तेव्हा तुला लिहिलं होतं की जरा सर्दी आहे.

धुतलेल्या चकतीत चालण्याइतका दम मिळतो, ओरडण्याइतका मिळत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. मागच्याचा दम संपला की तो दोरीला दोन हिसके देतो, आणि पुढचा त्याचाही आकडा म्हणून टाकतो. तोबऱ्यातून सगळ्यांचा आवाज सारखाच येतो, डबीला काय कळतंय. मी शेपूट असताना माझा आकडा त्या वेळच्या पाच नंबरने म्हटला होता. मग गवई आला, मी पाच झालो आणि त्याचा आकडा म्हणू लागलो. आधी पाळी संपताना, मग अर्धी पाळी. पुढे पुढे मी हिसक्यांसाठी थांबायचंही सोडून दिलं. पाच, सहा. एका दमात. तोंडाला वळण पडलं.

एका सोमवारी सकाळच्या पाळीला मी असाच पाच-सहा म्हणत चाललो होतो. मागे दोरी हलकी लागत होती. मला वाटलं, आज गडी बरा चालतोय. ताई, मला खरंच तसं वाटलं. बरं वाटलं मला. चौकीच्या दारात दोरी सोडायला वळलो तर गाठीत कुणी नव्हतं.

गाठ त्याने स्वतः सोडली होती. बसल्यावर दोरी ताणली गेली असती तर मी थांबलो असतो, आणि थांबलो असतो तर सहाही जणांचा पगार गेला असता. म्हणून सोडली असेल, असं मला वाटतं. विचारायला तो नाही. झाडूगाडीला सापडला, त्याच खांबाला पाठ टेकून. आम्ही उचलायला वाकलो तेव्हा वरून खांब बोलला, हवा समाधानकारक आहे.

जमादाराने मला आत बोलावलं.

'मेला कधी?'

'पाळीत, जमादार.'

'डबी म्हणते पाळीत हजर होता. अकराशे बारा वेळा. शेवटचा सहा चौकीच्या दारात. मग पाळीत मेला कसा?'

'सहा मी म्हणत होतो.'

'ते मला ठाऊक आहे रे राजा. मी काय बहिरा आहे? पण हे डबीला सांगायला जाऊ नकोस. खोटी हजेरी म्हणालास तर तू तुरुंगात आणि मी घरी. तो काय उठून येणार आहे?'

मग तो म्हणाला, 'नवा माणूस मिळेपर्यंत म्हणत जा सहा. वळण आहेच तोंडाला. त्याचा पगार निघेल. अर्धा तुझा.'

मी म्हणत गेलो. दोन महिने झाले. दोरीच्या टोकाला जमादाराने वाळूची पिशवी बांधलीय, मागे काही फरफटतंय असं डबीला ऐकू यावं म्हणून. मी तिच्या पुढे चालतो आणि तिच्या वतीने हजेरी देतो. मधे दोनदा तुला जास्त पैसे आले आणि मी लिहिलं, बढती मिळाली. ती बढती ही. त्यातून तू पंखा घेतलास. तो विकू नकोस, आईला उकडतं. गवयाच्या बायकोची पत्रं चौकीवर येतात आणि चौकीतून तिला छापील उत्तर जातं, हजर आहे. तिला मी या पत्राबरोबरच वेगळं लिहिलंय. तेही लिहायला मला दोन महिने लागले.

मागच्या बुधवारी जमादाराने टेबलावरून एक भरतीचा कागद माझ्याकडे सरकवला. 'सुटलास. शेपूट येतंय. तुझ्याच बाजूचा दिसतो, कान बघ, तुझ्यासारखेच सुपासारखे.'

बारक्याचा फोटो. अंगात माझा शर्ट, गळ्यापाशी बटण लावलेलं. ते तू लावायला लावलं असशील.

तू लिहिलंस, दोघे भाऊ एका जागी असले म्हणजे एकमेकांना आधार. आधार होईलच. तो माझ्यामागे चालेल. पहिले चार महिने स्वतः ओरडेल, हौशी आहे. मग दोन हिसके देईल. मी सख्खा भाऊ, त्याचा पगार कसा कापू देईन. मी म्हणेन त्याचा आकडा. आणि मग एक दिवस दोरी हलकी लागेल, मला वाटेल आज बारक्या बरा चालतोय, आणि मी म्हणत राहीन.

हे मी बुधवारपासून रोज चालताना बघतोय. म्हणून जमादाराकडे गेलो.

माझी तीन वर्षं या महिनाअखेर संपतात, ते तुम्ही दिवस मोजताय हे मला माहीत आहे. मी त्याला म्हणालो, 'मी परत सही करतो. पाच म्हणून नाही, सहा म्हणून.'

'डोकं ठिकाणावर आहे का? पाचवरून सहा कुणी मागून घेतं?'

'शेपटाच्या सहीला उचल किती?'

'नव्याला मिळते तेवढीच.'

'रोख?'

'रोख. पण चकती धुतलेलीच मिळेल, आधीच सांगतो. मागाहून रडायचं नाही.'

'आणि हा कागद?'

'तिकडे भरतीवाल्याच्या हातात उचल परत पडली आणि पावती झाली की हा कागद रद्दी. नाही पडली तर पोरगा येणार. मग मी तरी काय करू?'

सही केली. म्हणजे मी येत नाही, ताई. आणखी तीन वर्षं. आईला काय सांगायचं ते तू ठरव, तुला ते जमतं.

पाच नंबरला आता कुणी नवा येईल, कोरी चकती घेऊन. तोही कुणाच्या तरी घरचा बारक्याच असणार, त्याचं मी काही करू शकत नाही. पण पहिल्याच दिवशी त्याला सांगणार आहे, माझा आकडा म्हणायचा नाही. मी कितीही हिसके दिले तरी नाही. आवाज आला नाही तर जागच्या जागी थांबायचं, पगार गेला तर गेला.

आता नीट वाच. भरतीवाला तुमच्याकडे अठ्ठावीस तारखेला येणार. पैसे दाजींच्या समोर द्यायचे, बारक्याच्या हातात नाही. आधी अंगठ्याचा कागद मागून घ्या, मग रक्कम. पावतीवर 'पूर्ण परत' असं लिहून घ्या, नुसतं 'मिळाले' चालणार नाही. तो म्हणेल, अहो ताई, एवढी चांगली नोकरी, विचार करा. तू विचार करत बसू नकोस. बारक्या रुसेल, वही फाडेल, चार दिवस बोलणार नाही. दादाला भाऊ डोईजड झाला म्हणून आडवा आला, असं त्याला वाटलं तरी वाटू दे. हे पत्र ऐकूनही त्याला यावंसं वाटलं, तर शर्ट काढून घे आणि घरात कोंड.

हे पत्र टँकरच्या ड्रायव्हरबरोबर देतोय, टपाल चौकीत फोडतात. त्याला जेवायला घाल, पैसे मागणार नाही, माणूस सरळ आहे. उत्तरात फक्त पावतीची तारीख लिही. बाकी यातलं एक अक्षर नको. आणि पाकिटावर इथून पुढे सहा नंबर घालत जा. पाच घातलंस तर ते नव्या माणसाला जाईल.

तुझा भाऊ

सोबत ड्रायव्हरच्या हाती, मोजून घेणे: उचल, अठरा हजार.