सासूबाईंचं विरजण जागं झालं त्याची हकिकत

व्होस,
नाताळाआधीच्या आगमनकाळातला दुसरा गुरुवार

ती. सौ. सिन्नेवाताईस,

धाकट्या इंगेबोर्गचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना उतार पडला असेल, भावोजींचा खोकला निवळला असेल आणि बर्गनचा पाऊस निदान रविवारी देवळात जाण्यापुरता तरी थांबत असेल, अशी आशा करते. इकडे देवाच्या कृपेनं सगळे बरे आहेत. मामंजींना मात्र आता कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो.

पत्र बिअरविषयी आहे. भावोजी दारूबंदी मंडळाचे चिटणीस आहेत हे मी विसरलेले नाही. त्यांना वाचून दाखवताना तेवढ्या ठिकाणी 'नाताळची तयारी' असं म्हण. सासूबाई एप्रिलात गेल्या. गेल्या नाताळात त्या अंथरुणावर होत्या, म्हणून बिअर झालीच नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा फेस त्यांनी गवताच्या चुंबळीला माखून, वाळवून, कोठीच्या आढ्याला टांगून ठेवला होता. त्यांच्या सासूच्या सासूपासून आलेलं हे यीस्टचं वाण. आपल्याकडे दह्याचं विरजण ठेवावं तसं ठेवलेलं. या वाणाच्या बिअरला संत्र्याच्या सालीचा वास यायचा. (घरात संत्रं येतं ते नाताळात, माणशी एक, आणि तेही बिअर झाल्यावर. तो वास कुठून यायचा ते देवालाच ठाऊक.) तर गेल्या आठवड्यात मामंजी मला म्हणाले, "पोरी, एकदा तिच्या हातचं पिऊ दे. मग खुशाल दुकानातली बाटली आणा." एवढं बोलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला धडकीच भरली.

चुंबळ खाली काढली तर एका बाजूनं उंदरांनी खाल्लेली, उरलेल्या भागावर बुटाला वाळलेल्या चिखलासारख्या खपल्या. हाताशी दुसरं काही असावं म्हणून शेजारच्या गुरोवहिनींकडून त्यांचं वाण मागून आणलं, कागदाच्या पुरचुंडीत. यांनी शहरातून एक विलायती पुडी आणली. (तिच्या किमतीत पावशेर कॉफी आली असती, पण ते जाऊ दे.) मॅट्रिकला मला रसायनात बरे गुण होते, तरी यीस्ट कसं निवडावं हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून वहीत तीन रकाने आखले. विलायती पुडी म्हणजे शिकलेली सून: गार खोली हवी, आठवडाभर कुणी हटकायचं नाही, आणि वागायचं कसं हे पाठीवर इंग्रजीत छापलेलं. गुरोवहिनींचं वाण त्यांच्यासारखंच: उंबऱ्यात पाऊल पडायच्या आत बोलणं सुरू. सासूबाईंचा रकाना मात्र कोरा राहिला. त्या हयात असतानाही त्यांच्याबद्दल आधी काही सांगता येत नसे.

सोमवारी पहाटे मोड आणलेले जव जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळलेल्या पाण्यात घालून गोड काढा केला. पिंप घोंगड्यांत गुंडाळलं. तीन कपांत तो काढा घेतला, आचळातल्या दुधाइतका कोमट, प्रत्येकात एकेक वाण टाकलं आणि चुलीजवळच्या फळीवर ओळीनं मांडले. तासाभरात गुरोवहिनी उतू जाऊन फळीवरून टपकायला लागल्या. विलायतीनं चार बुडबुडे काढले आणि उकाड्यानं तोंड फिरवलं. सासूबाईंच्या कपात भिजलेला भुसा, बाकी काही नाही. मामंजी बाकावर बसून दर दहा मिनिटांनी विचारत, "उठली का गं?" मी म्हणे, "अजून नाही." ते म्हणत, "उठेल. सकाळी उठायचा तिला आधीपासूनच कंटाळा." हे मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "गुरोवहिनींचं ओत आणि मोकळी हो. बाबांना काय कळतंय?" ताई, आगमनकाळात, म्हाताऱ्या माणसाशी, तेही त्यांच्या बायकोच्या नावानं खोटं बोलायचं! मी नाही म्हटलं. पण दुपार झाली, काढा निवत चालला, आणि माझं धैर्यही.

अशा वेळी नवे पाद्रीबाबा भेटीला आले. दाराशी जवाचा घमघमाट, माझ्या बाह्या कोपरापर्यंत वर! त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, सासूबाईंसाठी प्रार्थना झाली. परत आत आले तर मामंजी म्हणाले, "हाक कुणी मारलीच नाही, तर ती उठणार कशी?" तुला माहीतच आहे, विरजण घालताना मोठ्यांदा ओरडावं लागतं, आणि आनंदानं, जशी हाक तसं पेय. सासूबाई ओरडल्या की तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे कावळे उडत. मी प्रार्थनामंदिरातही दुसऱ्या ओळीत, हळू गाणारी. डोळे मिटून ओरडले. मामंजी म्हणाले, "ही हाक झाली की शिंक?" पुन्हा ओरडले. त्याबरोबर पाद्रीबाबा कप हातात घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, मी भाजले.

मामंजी शांतपणे म्हणाले, "बरे आलात. मेलेलं उठवायचं आहे. तुमच्याच खात्यातलं काम."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाद्रीबाबांनी कपात वाकून पाहिलं, मामंजींच्या तोंडाकडे पाहिलं, आपला कप खाली ठेवला आणि विचारलं, "ओरडताना काय म्हणायचं असतं?" "काही नाही. नुसतं आनंदानं." मग ते ओरडले. खिडकीची तावदानं थरथरली, गोठ्यातून गाय ओ देती झाली. (हा आवाज रविवारी कुठे असतो कोण जाणे; मागच्या बाकांपर्यंत कधी पोचलेला नाही.)

आणि ताई, घड्याळ लावून चाळीस मिनिटांनी त्या भुशाच्या मधोमध एक बुडबुडा वर आला. मग दुसरा. मग साय धरावी तसा पांढरा फेस सगळ्या कपावर पसरला. पाद्रीबाबांनी हात जोडले. ज्या हातांनी ती चुंबळ माखली ते हात एप्रिलपासून मातीखाली आहेत, आणि त्यांनी ठेवलेली चिमूटभर धूळ इथे श्वास घेत होती. दर ईस्टरला पुनरुत्थानावर विश्वास असल्याचं मी म्हणतेच, पण ते चुलीजवळच्या फळीवर होताना कधी पाहिलं नव्हतं. तो कप मी पिंपात ओतला. काल झाकण काढलं. मामंजींनी नाक खाली नेलं आणि म्हणाले, "संत्री." मी वहीतल्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: देवाची करणी.

मुलांना आशीर्वाद. भावोजींना नमस्कार.

तुझी,
इंगेबोर्ग

ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, पण मन खाऊ लागलं. पाद्रीबाबांना कॉफी देऊन आत आले तेव्हा मामंजींचा डोळा लागला होता. मी गुरोवहिनींच्या पुरचुंडीतली चिमूटभर पूड सासूबाईंच्या कपात टाकली. फक्त एक चिमूट. एवढ्याशानं एवढा फेस येणार नाही, तेव्हा उरलेला चमत्कार खराच, असं मी धरून चालले आहे.

आणखी ता. क. – यांनी वरचं वाचलं आणि कान लाल करून बसले. लाकडं आणायला आत गेले होते तेव्हा त्यांनीही एक चिमूट टाकली होती. माझ्या आधी. पुरचुंडी अर्धी कशी झाली याचा दोष मी उंदरांना देत होते.

शेवटचं ता. क. – दोघं मिळून मामंजींपुढे कबूल झालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग माझी धरून तीन." मी कॉफी घेऊन बाहेर वळल्याबरोबर त्यांनी टाकली होती, कप पेलत नाही त्याच हातांनी. "तुझा चेहरा बघवेना गं," म्हणाले. त्यांना संत्र्याचा वासही आला नव्हता, तेही त्यांनी सांगितलं. तीन चिमटींनंतर चमत्काराला कपात जागा उरत नाही. बिअर उत्तम झाली आहे, आणि ती गुरोवहिनींची आहे.

तेव्हा ताई, पत्राचं खरं काम हे. सहा वर्षांपूर्वी आमच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला तू आलीस तेव्हा सासूबाईंनी तुला त्या वाणात भिजवून वाळवलेलं फडकं दिलं होतं. भावोजींच्या भीतीनं तू ते कुठेतरी खाली दडपलं असशील. टाकलं नसलंस तर पोस्टानं पाठव. नाताळला दहा दिवस आहेत, बिअरला तीन पुरतात. मामंजी आज दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मी म्हटलं, अजून पत्रच गेलं नाही. तर म्हणाले, रस्ता बघून ठेवतोय.

फडकं मळकट दिसेल. कृपा करून धुऊ नकोस. त्या मळातच सासूबाई आहेत.