टाकीचं झाकण

कुंडल, ता. पलूस
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सौ. शिवांजली हिस,

कृष्णातदादाचा आशीर्वाद. अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, पडू दे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून टपाल. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी मुद्दाम तुझ्या वहिनीचं, रेश्माचं नाव घातलंय. माझं असतं तर तू न फोडताच परत धाडलं असतंस.

इकडे सगळे बरे आहेत. आप्पांचे गुडघे दुखतात, आईचा आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. उसाला तोड मिळालेली नाही. तुझ्या जयराजरावांचं बियाण्यांचं दुकान चांगलं चाललंय, असं कोरेगावहून येणारे सांगतात. तुझं कसं चाललंय ते कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

माझा राग आधी सांगून टाकतो, मग पुढचं. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान सख्ख्या भावाचा. तू चुलत भावाला, शिवतेजला पुढं केलंस. मी नवीन टोपी घालून मांडवात उभा आणि पाहुणे माझ्याकडे बघतायत. त्यानंतर तीन राखीपौर्णिमा गेल्या, माझं मनगट तसंच. का, तर तुझ्या पोलीस भरतीच्या दिवशी मी गाडी मुद्दाम बंद पाडली म्हणे.

तर ऐक. गाडी का बंद पडत होती ते सापडलं. गेल्या मंगळवारी सापडलं.

तुझ्या भरतीनंतरही ती गाडी तशीच वागत राहिली. गार असताना एका किकला चालू. अर्धा तास पळाली की बंद. वीस मिनिटं उभी केली की परत चालू. तापल्यावर बंद पडणारं इंजिन म्हटलं की आम्हा मेकॅनिक लोकांचा हात आधी कॉइलवर जातो. ती तापली की ठिणगी सोडत नाही, गार झाली की सोडते. कॉइल बदलली. मग सीडीआय बदलला, वॉल्व्ह सैल केले, कार्बोरेटर तीनदा उकलला. कॉइलवर ओलं फडकं बांधून पलूसपर्यंत फेऱ्या मारल्या. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस स्वतःची ढकलत आणतोय म्हणून चौकात लोक हसले, ते ऐकून घेतलं. दोष सापडला की तुझ्यासमोर नेऊन ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, मी नव्हतो, हा होता. एवढ्यासाठी पावणेतीन वर्षं ती गाडी विकली नाही.

जानेवारीतली ती पहाट, आपल्या तोंडातून वाफ निघत होती. त्या थंडीत इंजिन तापून बंद कसं पडेल, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

मंगळवारी रेश्मा ती गाडी घेऊन माहेरी तासगावला जाऊन आली. मी विचारलं, "वाटंत बंद पडली असंल?"

"पडली की, दोन डाव."

"मग वीस-वीस मिनिटं उभी ऱ्हायलीस?"

"कशाला? टाकीचं झाकण उघडून बघायचं, पेट्रोल हाय का. झाकण लावून किक मारली की हुती चालू."

"कवापास्नं करतीयास ह्ये?"

"वरीस झालं. तुमी कवा इचारलंय?"

मी जेवण टाकून उठलो. गाडी पळवून आणली, बंद पडू दिली आणि झाकण फिरवलं. सूं करून टाकीनं हवा आत ओढली. किक मारली, चालू. झाकणाला वर एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा त्यातून टाकीत यावी लागते. ती आली नाही की पेट्रोल टाकीतच अडकतं आणि इंजिन मरतं. गाडी उभी ठेवली की हवा कुठून तरी हळूहळू झिरपते आणि आपल्याला वाटतं, इंजिन गार झालं. तापण्याचा काही संबंधच नव्हता.

भोकात एम-सील भरलेलं होतं. मीच भरलेलं. महाबळेश्वरला टॅक्सीच्या गॅरेजात दोन पावसाळे काढले तेव्हाचं. तिथला पाऊस झाकणाच्या भोकातून टाकीत उतरतो, म्हणून लोक भोकाला साबण घासतात आणि दसऱ्याला टाचणीनं काढून टाकतात. माझा साबण धुऊन जायचा, म्हणून मी पक्कं काम केलं आणि गावी येताना विसरलो. झाकणाचं रबर झिजलेलं होतं तोवर तिथून हवा जात होती, गाडी चालत होती. भरतीच्या आदल्या दिवशी मी नवं रबर बसवलं. वळणावर पेट्रोल उडून तुझी ट्रॅकपँट खराब होऊ नये म्हणून.

म्हणजे मुद्दाम नव्हतं. विसरलो होतो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

वरच्या ओळीवर पत्र संपवून झाकण सोबत पाठवणार होतो. पाकीट दोन दिवस उघडंच पडलंय. चिकटवायला हात होईना.

त्या पहाटे वसगड्याच्या पुढे गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा तू उतरलीस आणि म्हणालीस, "दादा, झाकण उघडून पेट्रोल तरी बघ की." मी म्हणालो, "मेकॅनिक तू हायस का मी?" टाकी मीच भरली होती. मी ती नुसती हलवून आवाज ऐकला आणि प्लग काढत बसलो. रस्त्यावरचा कुणीही अडाणी माणूस आधी झाकण उघडतो. मी उघडलं असतं तर तू साडेपाचला सांगलीच्या मैदानात असतीस.

हे तुला माहीत नव्हतं. पुढचं माहीत आहे.

दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "सांगलीलाच निघालोय, बसा ताई." तू पिशवी आत ठेवलीस, एक पाय वर टाकलास. मी तुझी पिशवी काढून घेतली आणि त्याला म्हणालो, "जावा तुमी, दोन मिंटात चालू हुती." दोन मिनिटांत होणार नाही हे मला कळत होतं. आपण पोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि गेट बंद होतं. वयानं तुझी ती शेवटची भरती होती, हेही मला माहीत होतं.

घरी येऊन तू टेम्पोचं सांगितलंस. मी म्हणालो, कसला टेम्पो, टेम्पो आलाच नाही. आईनं तुझ्या तोंडात मारली. आप्पांनी तुला माझ्या पाया पडायला लावलं, "चुकलं दादा" म्हणायला लावलं. तू वाकलीस आणि मी पाय मागं घेतले नाहीत. चार महिन्यांत तुझं लग्न लावून दिलं.

का केलं, ते गाडीच्या दोषासारखं शोधत बसावं लागत नाही. सैन्यभरतीला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा धावताना खाली बसलो. रोज पहाटे तुझी वेळ घ्यायला घड्याळ माझ्याच हातात असायचं. तू माझ्या पुढून पळत जायचीस आणि मला कौतुकही वाटायचं आणि पोटात जळायचंही. गेटवर तू रडत होतीस तेव्हा मला हायसं वाटलं. हे मी रेश्मालाही बोललो नव्हतो.

तुझ्यावर मी पावणेतीन वर्षं राग धरला. खरं बोलणाऱ्या माणसावर राग धरायला फार जोर लागतो, तो मी लावला.

बुधवार

काल संध्याकाळी आप्पांना समोर बसवून सगळं पत्र वाचून दाखवलं. आई चौकटीला धरून ऐकत होती, मधूनच आत निघून गेली. आप्पांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "आता कशाला धाडतोयस ह्ये? नांदतीय न्हवं पोरगी गप."

म्हणूनच धाडतोय.

झाकण पाकिटातून काढून ठेवलंय. त्यानं फक्त गाडी निर्दोष सुटते. माफी मागत नाही, कारण मागितली की तुला ती द्यावी लागेल, आणि या घरानं एकदा तुला नको ते द्यायला लावलंय. राखी पाठवू नकोस. हे पत्र जपून ठेव आणि कोणी विचारलं तर दाखव. आप्पांना दाखवायची गरज नाही, त्यांनी ऐकलंय.

टेम्पो आला होता.

कृष्णात