कार्डाचे दोन डोळे

करंजाडे,
७ ऑक्टोबर २०२५

ती. चंद्रावतीआक्कास,
धाकट्या हसुरामचा सा. न. वि. वि.

दसऱ्याहून तू नेऱ्याला नीट पोचलीस, हे हरेशने दूध घालताना सांगितले. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला आता ओरडवत नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतो. दुधाने भिजले तर त्याला बोल, मला नको.

इकडे सर्व ठीक असे लिहिणार होतो, पण तसे नाही. सूनबाईच्या कॉम्प्युटरचे नवे कार्ड चालत नाही. दसऱ्याच्या पाटावर कोयता आणि शिलाई मशीन यांच्या शेजारी ती हिरवी पट्टी ठेवली होती, तेच. तू त्याची किती मनापासून पूजा केलीस. दुसऱ्या दिवशी मनिषाने ते बसवले. त्याच्या तोंडात बोटाएवढा धातूचा तुकडा असतो, त्याला ती मॉड्यूल म्हणते. त्यातून काचेच्या तंतूची केबल निघते ती थेट बाल्कनीतल्या पेटीपर्यंत. पेटीत मनिषाला कापून जोडायला स्टुडिओने दिलेले मालिकेचे सगळे चित्रण आहे. पेटी घरघरते आणि गुणाला झोप लागत नाही, म्हणून ती बाहेर. कॉम्प्युटर मात्र गुणाच्या खाटेशी, म्हणजे मनिषाचा हात कामावर आणि डोळा सासूवर. इतके जड चित्रण साध्या वायरने हलत नाही, म्हणून हे वेगाचे कार्ड. ते थोडे चालते, अडखळते आणि बंद पडते.

माझी झोप उडाली आहे. स्टुडिओचे मालक म्हणाले आहेत, दिवाळीआधी चार भाग घरून पुरे करून दाखव, मग कायम घरूनच कर. नाहीतर पूर्वीसारखी अंधेरीला येऊन बस. ती अंधेरीला गेली तर गुणाला उचलायचे कोणी? माझी कंबर तुला ठाऊक आहे. नीलेश बोटीवरून आईसाठी फोन करतो तेव्हा आजाऱ्यांना ठेवतात त्या सेवासदनाचा विषय काढतो. खोलीसुद्धा बघून ठेवली आहे म्हणे. त्याचेही चुकत नाही, तो लांब आहे. पण गुणाला अर्धांगाने बोलता येत नसले तरी ऐकू सगळे येते. सेवासदनाचे नाव निघाले की ती भिंतीकडे तोंड करते.

मनिषा मात्र खचलेली नाही. म्हणते, "बाबा, या कार्डापेक्षा मी हट्टी हाय." मला काही कळत नाही, मी टॉर्च धरतो.

या घरावरची तुझी माया अशी मधेच अडखळू नये, ही विनंती.

तुझा,
हसुराम

---

नेरे,
९ ऑक्टोबर

चि. हसूस,
चंद्रावतीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले, कोरडे मिळाले. तुझा स्वभाव काही बदलायचा नाही. लहानपणी विहिरीचा दोर तुटेल म्हणून तू तहानलेला बसायचास आणि मी पाणी काढून आणल्यावर तांब्याभर प्यायचास. तसाच अजून आहेस.

कार्डाला दृष्ट लागली आहे, दुसरे काही नाही. तुमच्या इमारतीत नवी वस्तू आली की चार बाया बघायला येतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. सध्या मिठमोहऱ्या ओवाळून टाक. मनिषा हसेल, हसू दे. आमचे भात कापायला आले आहे, ते आटोपले की लक्ष्मीपूजनाला मी स्वतः येते आणि पुन्हा नीट पूजा करते. दसऱ्याला घाईत थोडे कमी पडले असेल. या वेळी कुंकू भरपूर आणीन आणि बाल्कनीतल्या पेटीलाही सोडणार नाही.

गुणाला सांग, चंद्रावती आहे तोवर तुला या घरातून कोणी हलवत नाही. ती सून होऊन आली तेव्हा तिला चुलीपुढे मी बसवली होती. उठवायचे असेल तर मला विचारावे लागेल. नीलेशलाही हेच कळव, माझ्या नावाने.

तब्येत सांभाळ आणि टॉर्च सरळ धर. आशीर्वाद आहेतच, ते मागायला नकोत.

तुझी,
आक्का

---

करंजाडे,
१३ ऑक्टोबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

मिठमोहऱ्या टाकल्या. कार्डाने दाद दिली नाही, पण शेजारणीला शिंका आल्या.

मनिषाचा नेम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती बदलल्यावर काय झाले ते बघितल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. मला घाई होते, मी म्हणतो सगळेच बदल ना एकदम. ती म्हणते, मग नक्की कशाने बरे झाले ते कसे समजणार? आधी तिने कार्डाची जागा बदलली. तेच. मग आतला प्रोग्रॅम काढून नव्याने घातला. तेच. मग केबल बदलली. नव्या केबलने सकाळभर बरे चालले, मी देवापुढे साखर ठेवली, दुपारी पुन्हा बंद. तिसरी केबल आणली, तिचेही तेच. जी केबल या कार्डाला जोडावी ती खराब होते, असा प्रकार आहे.

कार्डातल्या त्या तुकड्याला डोळ्यांसारखी दोन बारीक भोके आहेत. त्यांतून दिसत नाही असा प्रकाश येतो, आत बघू नका, असे मनिषाने बजावल्यापासून मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावूनच टॉर्च धरतो. त्यामुळे मला काही दिसत नाही आणि टॉर्च भलतीकडे जातो. काल तिने माझ्या हातातून टॉर्च घेतला आणि गुणाच्या उजव्या हाताला, तो चांगला आहे ना, त्या हातात दिला. गुणाने तो माझ्यापेक्षा सरळ धरला. किती दिवसांनी ती हसली, तेही माझ्यावर.

पनवेलच्या रूपेशने, ज्याच्याकडून कार्ड घेतले त्याने, तसेच दुसरे कार्ड बघण्यासाठी दिले. मनिषाने जुन्यातले मॉड्यूल काढून नव्यात घातले. रोग तोच. मी डोक्याला हात लावून बसलो. ती मात्र उठून उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे कार्डाचा दोष नाय. केबलचा नाय. उरलं काय, ते सांगा बाबा." मग तिनेच मॉड्यूलकडे बोट दाखवले. उद्या ती ते मॉड्यूल साफ करायच्या खास काड्या आणणार आहे.

चार भागांपैकी एकच झाला आहे. नीलेशचा फोन काल आला, मी तो गुणाच्या खोलीबाहेर घेतला.

तुझ्या आशीर्वादाची आता खरी गरज आहे, तो असू द्यावा.

तुझा,
हसुराम

---

करंजाडे,
१५ ऑक्टोबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. चालू झाले. मॉड्यूलच्या भोकांत थोडी धूळ होती. काड्यांनी ती साफ केली, केबलींची तोंडेही पुसली आणि काल दुपारपासून एकदाही थांबलेले नाही. मनिषा जेवायलाही उठत नाही, मी घास करून देतो.

एक विचारायचे होते, उगाच आपले. दसऱ्याला तू हळदकुंकू कोरडे आणले होतेस की पाण्यात कालवले होतेस? काही विशेष नाही. आणि भात कापणीच्या दिवसांत लक्ष्मीपूजनासाठी एवढी दगदग करू नयेस, असे मला वाटते. पूजेचे आम्ही इकडेच बघू. कुंकूही घरात पुष्कळ आहे.

राग नसावा. माया आहे तशीच राहावी.

हसुराम

---

नेरे,
१६ ऑक्टोबर

चि. हसूस,
आशीर्वाद.

तुला खोटे लिहिता येत नाही, तेव्हा लिहीत जाऊ नकोस. धूळ निघाली तर कोणी बहिणीला हळदकुंकवाचे विचारते का? हरेशकडून मनिषाला निरोप पाठवला, की काड्यांना लागले काय ते माझी शपथ घालून खरे सांग. तिने सांगितले. एक काडी लाल निघाली आणि एक पिवळी.

मीच ते. त्या तुकड्यावर रबराचे टोपण होते. डोळे बांधलेल्या देवाची पूजा करीत नाहीत, म्हणून मी ते काढले. आत दोन डोळे दिसले. बोट जाईना, म्हणून उदबत्तीच्या काडीने एकात ओली हळद आणि एकात ओले कुंकू भरले आणि टोपण परत लावून टाकले. तू शेजारी उभा होतास, पण तुला तेव्हा निरांजनाची ज्योत पडद्याला लागेल याचीच काळजी.

हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. गुणाला कोणी हलवणार नाही असे मी मोठ्या तोंडाने लिहिले, आणि हलवत मीच होते. सुना-मुलींना आजवर सांगत आले, कुंकू कपाळाला लावायचे असते, डोळ्यांत घालायचे नसते. स्वतः मात्र विसरले.

मी लक्ष्मीपूजनाला येत नाही. माझ्या हातचे कुंकू पुडीत बांधून हरेशबरोबर देते आहे. त्या टोपणाला लावा, आत नको. आणि उरलेले भाग दिवाळीआधी झालेच पाहिजेत. नाही झाले तर मला कळवू नकोस, मी पायी येऊन त्या मालकाशी भांडेन.

या वेळी तूच लोभ ठेव.

आक्का

---

करंजाडे,
२२ ऑक्टोबर

ती. आक्कास,
हसुरामचा सा. न. वि. वि.

भांडायला यायची गरज नाही. मनिषाने चौथा भाग रविवारी पाठवला. मालकांचा फोन आला, हे काम घरूनच चालू दे म्हणाले. मी तिला तेच दोनदा विचारले, तिने दोनदा सांगितले. रात्री नीलेशचा फोन आला तेव्हा मी तो गुणाच्या खोलीतच घेतला. मनिषाने त्याला सांगितले, सेवासदनातली ती खोली आता दुसऱ्या कोणासाठी मोकळी करायला सांग. गुणाचे तोंड आमच्याकडेच होते.

काल लक्ष्मीपूजन झाले. तुझी पुडी पोचली होती. मॉड्यूलमध्ये आता केबल असते, त्यामुळे टोपण मोकळेच होते. मनिषाने ते विड्याच्या पानावर ठेवून पान गुणाच्या मांडीवर ठेवले. म्हणाली, "आई, टॉर्च तुमी धरला, पूजा पण तुमीच करा." गुणाने उजव्या हाताच्या बोटावर तुझे कुंकू घेतले आणि टोपणाला अगदी मधोमध लावले. माझा हात असता तर पानभर झाले असते.

आम्हाला वाटले, झाले. पण ती हात खाली घेईना. ते लाल बोट तिने दाराकडे केले. मी म्हटले, दार लावायचे का? तिने नाही अशी मान हलवली आणि बोट तसेच ठेवले. मग मनिषाने विचारले, "आत्या कुटं, असं विचारताय काय?" तेव्हा कुठे हात खाली आला.

आता मी तिला काय उत्तर देऊ ते तूच सांग. उद्या भाऊबीज आहे. हरेशच्या गाडीत पुढे बसून ये. वाटेत गाडी जोरात नेऊ नकोस असे मी त्याला सांगितले आहे, तूही सांग. तुझ्या हाताला काही झालेले नाही. येताना कुंकू आण, हवे तेवढे आण. टोपणे दोन आहेत, एक कार्डाचे आणि एक बाल्कनीतल्या पेटीचे. पेटीचे अजून तसेच आहे.

लोभ पत्रातून नको, समक्ष असावा.

तुझा धाकटा,
हसुराम