आकडा तोच, चिप दुसरी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतोय? मामीचा खोकला थांबला का? मी मजेत आहे, आणि खरं सांगायचं तर सध्या जरा हवेतच आहे. (जरा कसली, चांगलीच.)

कॉम्प्युटर आणि त्यातलं नेटवर्क कार्ड यांचं जुळवून देणारा प्रोग्रॅम मी लिहिते, त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे तुम्हाला मागे सांगितलंच होतं. (तेव्हा तुम्हाला डुलकी लागली होती.) तर गेल्या महिन्यात आमच्या गिऱ्हाइकाच्या निम्म्या मशीनचं इंटरनेट पाच मिनिटांत मान टाकायला लागलं. साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझ्या ड्रायव्हरवर खापर फोडलं आणि सोमवारपर्यंत निस्तरलं नाही तर काम दुसऱ्याला देईन म्हणाले. आठ वर्षं जपलेलं काम हो, माझा नुसता जीव तुटला. बरं, कार्डं सगळी सारखी. तोच स्टिकर, आवृत्तीचा आकडाही तोच. पण कारखान्यानं आतली चिप गुपचूप बदललेली आणि आकडा जुनाच ठेवलेला. (विचारलं तर म्हणे, किरकोळ बदल आहे.) ही नवी चिप मधेच झोपते आणि तिला उठवायची पद्धत वेगळी, माझा ड्रायव्हर बिचारा जुन्याच पद्धतीनं हाका मारत बसायचा. मग मी दोन्ही चिपांच्या पोटातले आकडे कागदावर शेजारी शेजारी उतरवले. दोनशे सदतीस सारखे, एक वेगळा. तिथेच चोर सापडला. आता माझा ड्रायव्हर स्टिकरवरच्या आकड्याला भीक घालत नाही, थेट हा आकडा वाचतो. अवघ्या अकरा ओळी लिहिल्या. साहेब सोमवारच्या मीटिंगमध्ये उभं राहून म्हणाले, "हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." मला रडूच आलं. तुमची भाची आहे, मामा, कॉलर ताठ करून सांगा सगळ्यांना.

तुमची,
चिमणी

ता. क. : जुनी चिप ऑफिसात एकही उरली नव्हती. खापर फुटलं त्या मीटिंगनंतरच्या रविवारी मी तुमच्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर साफ करून दिला ना, तेव्हा त्यातलं कार्ड काढून नवं बसवलं. तेव्हा केबलवाल्याला आणखी झापू नका, त्याचा काही दोष नाही.

आणखी एक : माझा नवा ड्रायव्हर घातला की सगळं सुरळीत होईल. तो इंटरनेटवरून उतरवायला तुमच्याकडे सात मिनिटं लागतील आणि इंटरनेट पाचव्या मिनिटाला झोपेल. म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. नऊ वर्षं बोलत नाही, ठाऊक आहे मला. मी त्यांना फोन करून ठेवलाय. ते आनंदानं देतो म्हणाले, फक्त सकाळी लवकर या म्हणाले, हल्ली तुमची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे असतात.