एकशे अठरा नसलेली टेप

११ मार्च, मंगळवार

ती. बाबांना,

नमस्कार. अक्षर अनोळखी वाटेल म्हणून आधीच सांगते, मी तुमच्या मुलाची बायको. आपण एकदाच बोललो आहोत, चार वर्षांपूर्वी, फोनवर. आमचं लग्न झाल्याचं मी सांगितलं आणि तुम्ही "बरं" म्हणालात. तुमचा पत्ता मला त्याच्या हत्यारांच्या पेटीत मिळाला, झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला. इकडे सगळं ठीक आहे असं लिहून पत्र सुरू करतात. ते पूर्णपणे खरं नसल्यामुळे काय घडलं ते क्रमाने देते.

१. मला नववा महिना लागला आहे. डॉक्टरांनी ६ एप्रिल ही तारीख दिली आहे. माझी तब्येत चांगली आहे.

२. तुमचा मुलगा बाळासाठी लाकडी कॉट करत होता. गादी तयार आणली. गादीखालची फळी दुकानातून मशीनवर कापून आणली. दोन्हींची लांबी १२० सेंटिमीटर.

३. कॉटच्या बाजूच्या पट्ट्या त्याने तीन वेळा कापल्या. २, ९ आणि १६ फेब्रुवारीला, तिन्ही रविवारी. तिन्ही वेळा फळी आत बसली नाही. एक सेंटिमीटर कमी पडला.

४. तिसऱ्या वेळी आमचं थोडं बोलणं झालं. त्याचा तपशील इथे आवश्यक नाही.

५. १७ फेब्रुवारीला त्याने सगळी हत्यारं फडक्यात बांधून कपाटावर ठेवून दिली.

६. काल दवाखान्यात तपासणी चालू असताना तो खोलीतून निघून गेला.

सातवा मुद्दाही आहे, पण तो एका ओळीत लिहिता येत नाही.

तो सध्या काय करतो हे तुम्हाला माहीत आहे की नाही ते मला माहीत नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवतो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर काच एक तर बसत नाही, नाही तर तडकते. तिथे सगळे त्याला भिंगोबा म्हणतात. अवघड काच आली की मालक म्हणतो, "भिंगोबाकडे द्या, आणि त्याला चहा देऊ नका, हात हलेल." सात वर्षांत त्याची एकही काच परत आलेली नाही. हे मी मालकाला विचारून लिहीत आहे.

घरी आल्यावर त्याचं लाकूडकाम. बाल्कनीत एक टेबल आहे, त्याला लाकूड पकडून ठेवणारा शिकंजा लावलेला आहे, आणि कपडे वाळत घालायला जी जागा उरते ती माझी. त्याने आतापर्यंत केलेल्या वस्तू: चमच्यांची पेटी, दोन स्टुलं, पत्रं ठेवायची खाचेची फळी, पाखरांसाठी दाण्याचं घर, खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या देवघराचं दार. सगळं जिथल्या तिथे बसतं. आठव्या महिन्यात काही दिवस मला झोपून राहायला सांगितलं होतं तेव्हा मी या वस्तूंची यादी मनात करत होते आणि माझ्या लक्षात आलं की यातली एकही वस्तू एक मीटरपेक्षा लांब नाही. मी ते तेव्हा योगायोग म्हणून सोडून दिलं. कॉट ही त्याने केलेली पहिली मोठी वस्तू.

बाळ येणार हे कळल्यापासून तो एका जागी बसलेला नाही. सगळ्या पटाशांना धार लावून झाली. मग बिजागऱ्यांना तेल. मग स्क्रू आकाराप्रमाणे बरण्यांत. मावशी एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, पोटात तिच्या आहे ना, मग कळा तुला का येताहेत?" तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे काही मोडलेलं आहे का?" त्या म्हणाल्या, "माझे गुडघे." दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना पाय ठेवायला बाक करून दिला.

हत्यारं वर ठेवल्यापासून हे सगळं बंद आहे. येरझाऱ्या मात्र चालू आहेत. तो या खोलीतून त्या खोलीत जातो, गादी भिंतीला टेकवून ठेवली आहे तिच्यासमोर उभा राहतो, वीत लावून ती मोजतो आणि परत येतो. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "काही नाही. बाहेरून तयार कॉट आणू." मी म्हटलं, फळीच एक सेंटिमीटर कापली तर? तो म्हणाला, "आणि गादी? तीपण करवतीने कापू?" यावर पूर्वी तो हसला असता.

पुस्तकांच्या कपाटाची गोष्ट त्याने मला लग्नाआधीच सांगितली होती. तुम्हाला ती आठवत असेल. एका वकिलांच्या घरी बारा फळ्यांचं कपाट. सांगाडा तुम्ही केला होता, तुमच्या घडीच्या लाकडी पट्टीने मोजून. फळ्या त्याने कापल्या, टेपने मोजून, प्रत्येकी १४०. बाराच्या बारा फळ्या एक सेंटिमीटर आखूड निघाल्या आणि आधारावरून खाली पडल्या. तुम्ही वकिलांच्या आणि दोन कारागिरांच्या देखत म्हणालात, "याच्या हाताला मापच नाही. उद्या स्वतःच्या पोराची उंचीसुद्धा चुकीची मोजेल." सगळे हसले. त्या आठवड्यात त्याने घर सोडलं. पेटी आणि टेप घेऊन.

ही गोष्ट तो विनोद म्हणून सांगायचा. तुमच्या आवाजाची नक्कल करायचा आणि ती चांगली करायचा, असं वाटतं, कारण तुम्ही फोनवर "बरं" म्हणालात तेव्हा मी तुम्हाला लगेच ओळखलं.

आता काल. दवाखान्यात नर्स दर वेळी साध्या कापडी टेपने पोटाची उंची मोजते. बाळ किती वाढलं ते त्यावरून कळतं. तिचा एक हात अडकलेला होता, म्हणून ती त्याला म्हणाली, "अहो बाबा, हे टोक जरा इथे धरा." त्याने हात पुढे केला, टोकाला हात लावला नाही आणि दार उघडून बाहेर गेला. नर्स म्हणाली, "यांना रक्ताची भीती वाटते का?" मी म्हटलं, इथे रक्त कुठे आहे? तिने टेपचं टोक स्वतःच्या अंगठ्याखाली धरलं. आकडा बरोबर आला. बाहेर तो बाकावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन.

इथे थांबते. पाठ दुखते आहे.

१२ मार्च, बुधवार

सातवा मुद्दा.

माझी नोकरी मोजमापाची साधनं तपासण्याची आहे. कारखान्यांतून, दवाखान्यांतून, शाळांतून वजनं, पट्ट्या, तापमापकं आमच्याकडे येतात. आम्ही ती प्रमाण साधनाशेजारी ठेवून बघतो आणि किती चुकतात त्याचा दाखला देतो. लोकांच्या टेपा मी दिवसाला दहा-पंधरा तपासते. घरातली एकच टेप मी कधी तपासली नाही.

दुसऱ्यांदा पट्ट्या आखूड निघाल्या तेव्हा मी म्हटलं होतं, टेप बघू या का एकदा? तो म्हणाला, "टेप बाबांची आहे." आणि पट्ट्या गोळा करायला लागला, जणू उत्तर पूर्ण झालं होतं. टेपच्या पात्याला मध्येच एक जोड आहे, तो त्याने मला पूर्वीच कौतुकाने दाखवला होता. खालून पत्र्याची पट्टी, दोन रिव्हेट, कवचात अडकू नयेत म्हणून कानशीने सपाट केलेल्या. "बाबांनी मारलाय. टेप मोडली होती. नवीन नाही घेतली, ही जोडून मला दिली. बाबांचा जोड कधी सुटत नाही."

जोड सुटलेला नाही. २७ फेब्रुवारीला मी टेप त्याला न सांगता पर्समधून प्रयोगशाळेत नेली. टेबलावर पसरल्यावर साधन लावायचीही गरज नव्हती. पात्याची दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडली आहेत. त्या चढवण्यात एक आकडा झाकला गेला आहे. ११७ नंतर ११९ येतो. टेपवर ११८ नाही. पहिल्या खुणेपासून ११७ पर्यंत ती बिनचूक आहे. त्यापुढे ती जे काही १२० म्हणून दाखवते ते ११९ असतं, आणि जे १४० म्हणून दाखवते ते १३९. मी तरीही नियमाप्रमाणे दोनदा तपासली, दोन वेगवेगळ्या दिवशी.

त्याने तिन्ही वेळा बरोबर वाचलं होतं. वकिलांच्या फळ्यांच्या वेळीही बरोबर वाचलं होतं. तुम्ही लाकडी पट्टी वापरत होता आणि तो टेप, म्हणून तुमच्या कामात ते कधी आलं नसेल, असा माझा अंदाज आहे. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही.

आज तेरा दिवस झाले, मी त्याला सांगितलेलं नाही. आधी मी स्वतःला कारण दिलं की दुसरी तपासणी होऊ दे. ती ३ तारखेला झाली. मग कारण दिलं की बाळ होईपर्यंत त्याला ताण नको. ताण तर त्याला आहेच. खरं कारण असं की मी सांगितलं की तो एकच प्रश्न विचारेल, "बाबांना माहीत होतं?" आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरंही एक कारण आहे. चौथ्या मुद्द्याचा तपशील आवश्यक नाही असं मी काल लिहिलं. आहे.

१६ तारखेला तिसऱ्यांदा फळी अडली तेव्हा तो जमिनीवर बसून म्हणाला, "पुन्हा एकच सेंटिमीटर." मी पलंगावर होते, कंटाळले होते. मी म्हटलं, "जाऊ दे. बाळाची उंची मोजायला आपण माणूस लावू." मी हसून म्हटलं. तोही हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं कपाटावर होती.

तुम्ही ते वाक्य रागात आणि चारचौघांत म्हणालात. मी थंडपणे म्हणाले आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. फरक एवढाच आहे. टेप चुकीची असेल अशी शंका मला त्याच्या आठवडाभर आधी आली होती, आणि तरी मी म्हणाले. माणसाला दोष देण्याआधी साधन तपासायचं, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते.

आज सकाळी तो टेप शोधत होता. कॉट करायला नाही. सगळे खण उघडून झाले, पलंगाखाली बघून झालं. मला विचारलं, "बाबांची टेप कुठे दिसली?" मी म्हटलं, माहीत नाही. लग्नानंतर मी त्याच्याशी खोटं बोलल्याची ही पहिली वेळ. तो म्हणाला, "जाऊ दे. पेटीत परत ठेवायची होती, बस. बाबांच्या हातची तेवढीच एक वस्तू आहे." टेप तेव्हा माझ्या मांडीवरच्या पर्समध्येच होती.

म्हणून हे पत्र पुरं करते आहे. टेप मी आज संध्याकाळी त्याच्या पेटीत ठेवणार आहे. आणि मी काय म्हणाले त्याबद्दल माझं मी त्याच्याशी बोलणार आहे, त्यासाठी तुमच्या उत्तराची वाट बघणार नाही. टेपमध्ये काय आहे ते मात्र त्याला माझ्याकडून कळावं असं मला वाटत नाही. माझ्याकडून कळलं तर तो दाखला असेल. त्याला दाखला नको आहे.

दाखल्याची एक प्रत सोबत आहे. त्यात 'साधनाचा मालक' असा एक रकाना असतो. तो मी कोरा ठेवला आहे.

माझी विनंती साधी आहे. जोड मारताना एक आकडा गेला हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का, नंतर कळलं का, की आज या पत्रातूनच कळतं आहे, यांपैकी जे खरं असेल ते त्याला लिहा. मला नाही, त्याला. एका ओळीत चालेल. तिन्हींपैकी कुठलंही उत्तर तो सोसेल, मी त्याला ओळखते. कॉट पुन्हा कापायला त्याला एक रविवार पुरतो, आणि ६ एप्रिलच्या आधीचा शेवटचा रविवार ३० मार्चला आहे.

तुमचं पत्र सोमवार, २४ मार्चपर्यंत त्याच्या हातात पडावं. त्या दिवसापर्यंत आलं नाही तर संध्याकाळी दाखला मी त्याच्यासमोर ठेवेन. कृपया २४ तारखेपर्यंत उत्तर द्यावं.

तुमची सून
(हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे)