रत्नागिरीची सून, कोल्हारची गाडी

६ नोव्हेंबर
सकाळी अमोलचा फोन. लग्नाची तारीख पक्की. ३० डिसेंबर, रत्नागिरीच्या चर्चमध्ये. देवाचे आभार मानेपर्यंत पुढचं वाक्य आलं, "आई, रीमाची एक अट आहे." ह्यांना खुणेनं बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला.
अट अशी की वऱ्हाडानं नगरहून एकाच एस.टी.नं यायचं. कुणी गाडी आणायची नाही. बाटलीबंद पाणी नाही, थर्माकोल नाही, फटाके नाहीत. आणि ज्यानं त्यानं आपलं ताट-पेला घरून आणायचा.
फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "हुंडा नको, ताट आणा. नवीनच आहे."
मुलगी गुणी आहे, वाद नाही. अमोलच्याच कॉलेजात शिकवते, सुट्टीच्या दिवशी पोरं घेऊन किनारा झाडते. पण आपल्याकडच्या माणसाला लग्नाला ये म्हणायचं आणि वर ताट घेऊन ये म्हणायचं…
अण्णांना कोण सांगणार?

८ नोव्हेंबर
कोल्हारला जाऊन आलो. अण्णा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. सासरे लवकर गेले, तेव्हापासून घरात वडीलही तेच.
दारात नवी पांढरी गाडी. एवढी उंच की जाऊबाई स्टुलावर पाय देऊन चढतात. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. अण्णा फडक्यानं आरसा पुसत म्हणाले, "अमोल्याच्या वरातीसाठीच घेतली. नवरा-नवरी मागं, म्या फुडं."
हे चहात बिस्किट बुडवत बसले. बिस्किट पडलं, तरी बोलेनात. शेवटी मीच सांगितलं.
अण्णांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. मला येवढंच सांगा, पुतन्याच्या लग्नाला मी यष्टीनं गेलो तर गाव म्हनंल काय? गाडीचा हप्ता थकला म्हनंल."
जाऊबाई आतून, "आन् ताट न्यायचं तर कंचं नेऊ? पितळी का इस्टीलचं?"
अण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या परत आत गेल्या.

१५ नोव्हेंबर
रीमा आली. अमोलबरोबर, रात्रभर एस.टी.नं. खांद्याला कापडी पिशवी, तीत सगळं. मी दोन दिवस घर घासलं होतं. तिनं बैठकीकडं बघितलंही नाही. स्वयंपाकघरात आली आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.
"आई, सगळं एकत्रच?"
सासूच्या घरात पहिल्यांदा आलेली मुलगी एवढंच बोलली, आणि मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पर्यावरणाचा धडा तोंडपाठ.
दुपारी तिनं गच्चीवर एका जुन्या बादलीला भोकं पाडली. खाली नारळाची शेंडी, वर भाजीची देठं, त्यावर माती. ह्यांना म्हणाली, "बाबा, हे खत तुमच्याकडं. दोन दिवसांनी खालीवर करायचं."
हे मान डोलावत होते. रिटायर झाल्यापासून कुणी त्यांच्याकडं काही सोपवलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर
बादलीत अळ्या झाल्या. ह्यांनी रीमाला व्हिडिओ कॉल लावून अळ्या दाखवल्या. ती जेवत होती. म्हणाली, "छान, बाबा. ओल जास्त झालीय, सुका पाला घाला."
तेव्हापासून हे वासरू सांभाळावं तशी बादली सांभाळतात. शेजाऱ्यांच्या दारातला पाला गोळा करून आणतात. शेजारीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांची तब्येत बरी आहे ना?"

२९ नोव्हें.
आज मटणाला हे स्टीलचा डबा घेऊन गेले. दुकानदारानं डबा बघून विचारलं, "कुणी दवाखान्यात आहे का?" ह्यांनी त्याला प्लास्टिकवर भाषण दिलं. रांगेतले लोक ऐकत होते म्हणे. घरी आले तर डब्यात पाव किलो जास्त. लवकर जावा म्हणून दिलं असणार, असं मी म्हटलं. हे चिडले.

७ डिसेंबर
एस.टी. ठरली. अख्खी गाडी करारावर. ताटांचंही लोकांनी मनावर घेतलंय, बायकांचं फोनवर दुसरं बोलणंच नाही.
पण अण्णा. आज त्यांचा निरोप, "मी येत न्हाई. तुमी जावा, सुखी ऱ्हावा."
हे जेवले नाहीत. गच्चीवर जाऊन बादलीपाशी बसून राहिले.
संध्याकाळी अमोलला फोन लावला. त्यानं रीमाकडं दिला. म्हटलं, एक गाडी आली तर काय बिघडतं? ती नरमाईनं म्हणाली, "आई, एक आली की माझ्या काकांची येईल. मग मामांची. मी त्यांना नाही म्हणून बसलेय." मला राग आला आणि पटलंही. दोन्ही एकदम होणं फार वाईट.

१४ डिसेंबर
जाऊबाईंनी कळवलं, अण्णा येणार. पण गाडीनंच. बसच्या मागं मागं. "चर्चच्या लांब लावंन म्हनत्यात. कुनाला दिसनार न्हाई." ती पांढरी गाडी न दिसायला रत्नागिरी आंधळी पाहिजे.
रीमाला अजून सांगितलेलं नाही.

२८ डिसेंबर, रत्नागिरी
पोचलो. कंबर गेली, पण आजचं लिहायलाच हवं.
पहाटे माळीवाड्याच्या स्टँडवर सगळे वेळेवर. पिशव्यांमधून ताटांचा खणखणाट. अण्णा पांढऱ्या कपड्यांत, गाडी पुसून तयार, ड्रायव्हर बबन गॉगल लावून. अण्णांनी मागचं दार उघडून धरलं. जाऊबाई त्याच दारासमोरून एस.टी.त चढल्या. "तिकडं गानी म्हननार हायेत," एवढंच म्हणाल्या. मुलंही आईमागं. अण्णा एकटे गाडीत.
पुण्यापर्यंत नाताळची गाणी, मग भेंड्या. मागं पांढरी गाडी. साताऱ्याच्या अलीकडं चहाला थांबलो तेव्हा अण्णा खिडकीशी आले. "काय चाललंय?" "भेंड्या." "कोन हारतंय?" मग गेले. कराडला पुन्हा आले. म्हणाले, "एसीनं डोकं धरलंय. जरा घाटापातुर बसतो हितं." जाऊबाईंनी न बघता पिशवी उचलून जागा केली.
आंबा घाट आला आणि गेला. अण्णा 'ळ'वर अडलेल्या आमच्या बाजूला एकामागून एक गाणी पुरवत होते. उठायचं नाव नाही. मागून रिकामी गाडी एसी लावून, एकटा बबन आत.
रत्नागिरीत बस थांबली. रीमा स्वागताला उभी. सगळे उतरले, अण्णाही बसमधूनच. तिनं वाकून नमस्कार केला, मग मागं बघितलं. "ही गाडी कुणाची?"
अण्णा म्हणाले, "आपलीच. मागनं आली."
"आत कोण होतं?"
"बबन."
"नुसतेच?"
अण्णांनी घसा खाकरला. ह्यांनी घाईघाईनं ताटाची पिशवी वर धरून विचारलं, "ही कुठं ठेवू?"

२९ डिसेंबर
रीमाच्या घरी आणि शेजाऱ्यांकडं आम्ही सगळे विभागून. माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. जेवल्यावर ज्याचं ताट त्यानं घासायचं, परसात राख ठेवलेली. पुरुषांची रांग बघण्यासारखी. अण्णांनी ताट एवढं घासलं की त्यात मिशी बघता यावी. कुणीतरी फोटो काढून कोल्हारच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून अण्णांचा फोन वाजतोय, ते उचलत नाहीत.
दुपारी किनाऱ्यावर गेलो. बाकीचे पाण्यात. अण्णा वाळूत बसलेले, पाठ समुद्राकडं, तोंड रस्त्याकडं, गाडी उभी होती तिकडं. मी जवळ बसले. म्हटलं, "अण्णा, एवढं काय आहे त्या गाडीत?"
बराच वेळ वाळू चिवडली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या लग्नाला इजूला स्टँडपास्नं मांडवापातुर मी उसाच्या बैलगाडीतनं आनला. दुसरं काय मिळालं न्हाई. तुमच्या गावची मान्सं हसली. इजू मान खाली घालून बसला हुता. तवाच ठरवलं, ह्याच्या पोराला मोटारीत बशिवनार. मी सोता चालवनार."
इजू म्हणजे हे. मला ती बैलगाडी आठवते. मी खिडकीतून बघत होते. मला तर वाटलं होतं, हौसेनं आणलीय. बैलांच्या शिंगांना फुगे होते. तसं अण्णांना सांगितलं.
"फुगे मीच लावले हुते," ते म्हणाले. आणि नाक पुसलं.
संध्याकाळी रीमाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मग विचार करून म्हणाली, "आई, मी गाडीत बसते. अण्णांनीच चालवायची. फक्त इंजिन सुरू करायचं नाही."
मला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा नव्हती.
अण्णांना सांगितलं. त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. शेवटी अण्णा म्हणाले, "आन् ढकलनार कोन?"
हे म्हणाले, "मी आहे की."

३० डिसेंबर
लग्न लागलं. अमोल "होय" एवढा हळू म्हणाला की पाळकांनी परत विचारलं. रीमाचं "होय" मागच्या बाकापर्यंत.
मग वरात. चर्चपासून घरापर्यंत सपाट रस्ता. गाडीला अबोलीच्या माळा, आंब्याची डहाळी. नवरा-नवरी मागं, अण्णा स्टिअरिंगवर, गळ्यात हार. मागून ढकलायला निम्मे नगरचे, निम्मे रत्नागिरीचे, मध्ये हे, कोट काढून. पुढं बँड. एवढं मोठं धूड, पण हललं.
अडचण एकच. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, गाडी बंद पडली.
पहिल्या दुकानातून आवाज आला, "बंद पडली काय हो?" अण्णांनी काच खाली करून सांगितलं, "न्हाई न्हाई, चालू हाय." पुढं रिक्षावाला, "डिझेल संपलं?" "टाकी फुल हाय." एका आजोबांनी तर माडीवरून मेकॅनिकचा नंबर ओरडून सांगितला, सावकाश, दोनदा. अण्णा वर मान काढून, "आहो नवी हाय! सून म्हनली ढकला, म्हनून ढकलत्यात!"
इंजिन बंद, त्यामुळं स्टिअरिंग दगडासारखं. शेवटच्या वळणाला अण्णा घामानं निथळत होते आणि मागं रीमा हसून हसून रडत होती. तिचं हसू बघून अण्णांना हसू फुटलं. ते मी लग्नानंतर एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं. दारात उतरल्यावर दोघे भाऊ बॉनेटला टेकून धापा टाकत उभे राहिले. अण्णांनी आपला हार काढून ह्यांच्या गळ्यात घातला.

२ जानेवारी, नगर
काल परत आलो. येताना गाडीत सात जण भरून. रीमाचीच सूचना, निदान रिकामी तरी नको. अण्णा मात्र बसमध्ये. खिडकीची जागा सोडली नाही.
जाऊबाईंचं ताट रत्नागिरीत राहिलं आणि कुणाचं तरी आलं. त्यांना ते जास्त आवडलंय.
घर फार शांत.

९ जानेवारी
रीमाचा फोन. नगरच्या एका कॉलेजात तिच्या विषयाची जागा निघालीय. अमोललाही इकडं जमण्यासारखं आहे. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.
पण तिचा प्रश्न, "आई, घरापासून कॉलेज चालत जाण्यासारखं आहे का? किंवा सिटी बस? रोज स्कूटर नको वाटते."
मी तोंड उघडायच्या आत हे पलीकडून ओरडले, "जवळच आहे!"
फोन ठेवल्यावर विचारलं, कधी गेला होता चालत? हा माणूस कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटर काढतो.
म्हणे, उद्या बघून येतो.

१० जानेवारी
सकाळी पांढरे बूट, कानटोपी, पाण्याची तांब्याची बाटली घेऊन निघाले. हायवे ओलांडायचा आहे ह्याची मी आठवण करून दिली. ऐकलं नाही.
बराच उशीर झाला. फोन घरीच. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.
मग दारात रिक्षा थांबली. हे उतरले. बूट हातात, अंगावर धूळ, चेहरा मात्र खूश. पाय गरम पाण्यात ठेवून बसले आणि मला सांगू लागले. मध्ये एक कडुलिंबाची रांग आहे, सावलीची. पुढं धूळ फार. सिटी बस लागते एक, पण ती यायची वेळ कुणालाच माहीत नाही, तिच्या कंडक्टरलाही. हायवेला मात्र एकदा जीव मुठीत.
रीमाचा मेसेज येऊन पडला होता, "बाबा, काय मग? येतं का चालत?"
ह्यांनी चष्मा लावला. एकेक अक्षर बोटानं शोधून लिहिलं. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं.
"जाता येतं. यायचं उद्या बघतो."